आकार राखून लहान होणे

मोठे कसे व्हावे, हे सांगणारी पुस्तके आपल्याकडे उदंड आहेत. लहान कसे व्हावे, हे कोणी सांगत नाही. गंमत अशी की, मोठे होण्याची पाळी सर्वांवर येत नाही. लहान होण्याची मात्र कोणाला चुकत नाही. घराणी लहान होतात, गावे लहान होतात, पेन्शनीत निघालेला साहेब लहान होतो, आणि म्हातारपणी अंगातला सदरा तोच राहून आतला माणूस लहान होतो. अशा वेळी जो तो एकाच गोष्टीसाठी धडपडतो. कमी झालो तर होऊ, पण होतो तसेच दिसलो पाहिजे! पाचशे पानांऐवजी पन्नास पाने उठली तरी चालतील, पण पंगत ती पंगत. या आग्रहाला स्वाभिमान म्हणावे की नुसता हट्ट, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळतो आहे. तो छळू लागण्याला रत्नागिरीचा एक राजा जितका कारण आहे, तितकेच भूमितीतले एक प्रकरणही कारण आहे. या दोघांची गाठ घालून द्यावी, असा आजचा बेत आहे.

राजा म्हणजे अर्थात थिबा. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा १८७८ साली मंडालेच्या गादीवर बसला आणि १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याला तीवरून उतरवले. आधी मद्रासेस ठेवले आणि १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीस आणले. तेथून पुढे तीस वर्षे, १९१६ च्या डिसेंबरात मरण येईपर्यंत, तो येथेच होता. भाट्याच्या खाडीकडे पाहणारा जो राजवाडा आज आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो, तो १९१० साली तयार झाला. म्हणजे तीसपैकी चोवीस वर्षे या राजाने बंगल्यांतच काढली, आणि राजवाडा राहायला मिळाला तो जेमतेम सहा वर्षे.

राज्य गेले, सैन्य गेले, प्रजा गेली. पण दरबार गेला नाही. तो लहान झाला. नोकरमाणसे राजासमोर गुडघ्यांवर येत, हात जोडून, मान खाली घालून. मंडालेच्या दरबारात पादत्राणे काढून जमिनीवर बसण्याच्या रिवाजावरून इंग्रज वकिलांशी केवढे वादंग झाले होते! तोच रिवाज कोकणातल्या एका टेकडीवर, मोजक्या माणसांत, पाळला जात होता. खर्च भागेना तेव्हा बरोबर आणलेली रत्ने एकेक करून बाहेर पडली. तनखा वाढवून मागणारे अर्ज सरकारकडे जात राहिले. पण राजा राजासारखा वागायचा थांबला नाही, आणि राणी सुपयालत तर त्याहून नाही.

हे ऐकून काही जण म्हणतात, याला म्हणावे पीळ! दुसरे म्हणतात, हा वेडेपणा. काळ ओळखून साधे व्हायला हवे होते. दोन्ही पक्ष मला अपुरे वाटतात, कारण दोघेही राजाचा स्वभाव तपासतात, आकाराचा स्वभाव तपासत नाहीत. लहान होताना आपले रूप टिकवणे हे सगळ्याच आकारांना साधत नाही. कोणाला साधते आणि कोणाला नाही, याचा विचार गेली चाळीस-पन्नास वर्षे भूमितीवाल्यांनी फार बारकाईने केला आहे.

फराळाचे ताट समोर असेलच. त्यातला बेसनाचा लाडू घ्या. खाऊ नका, नुसता मनात घ्या. अशी कल्पना करा की, त्याचे पृष्ठ म्हणजे एक ताणलेली कातडी आहे आणि ती सतत आत सरकते आहे. नियम एवढाच की, जेथे वाक अधिक, तेथे सरकणे जलद; जेथे वाक कमी, तेथे सावकाश. सपाट असेल तेथे काहीच हालचाल नाही. पृष्ठाला प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी वाक असतो. घोड्याच्या खोगिरासारखे एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली असे वाक असले, तर त्यांची एकमेकांत वजाबाकी होते. म्हणून या हिशेबाला सरासरी वक्रतेचा प्रवाह म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट तांबटाच्या ओळखीची आहे. ठोकून ठोकून कडक झालेले भांडे तो पुन्हा भट्टीत लाल करतो, तेव्हा धातूच्या आतले बारीक कण एकमेकांच्या सीमा सरकवत असतात. वाकड्या सीमा सरळ होऊ पाहतात, लहान कण नाहीसे होतात, मोठे वाढतात. मलिन्स नावाच्या धातुशास्त्रज्ञाने १९५६ साली हाच नियम त्या सीमांसाठी मांडला होता. गणिती मंडळी त्याकडे जोमाने वळली ती पुढे.

लाडवाचे काय होईल? तो सगळीकडून सारखाच वाकलेला, म्हणून सगळीकडून सारखाच आत सरकेल. लाडू लाडूच राहील, फक्त लहान होत जाईल आणि अखेर एका बिंदूत मिटेल. यातली एक बारकावी मला फार आवडते. चार तासांत नाहीसा होणारा लाडू अर्ध्या आकारमानाचा नव्हे, अर्ध्या जाडीचा व्हायला तीन तास घेतो. उरलेली अर्धी जाडी शेवटच्या एका तासात जाते. लहान झाला की वाक तीव्र होतो, वाक तीव्र झाला की झीज वाढते. वृद्धांना हे गणित शिकवावे लागत नाही.

लाटण्यासारखा लांबच लांब दंडगोलही आपले रूप राखून बारीक होतो, आणि त्याला एकाच दिशेने वाक असल्यामुळे तेवढ्याच जाडीच्या लाडवाच्या दुप्पट वेळ टिकतो. आणि पाट? जो मुळी वाकलाच नाही, त्याला झीजही नाही. गणिती लोक पाटालाही याच यादीत धरतात.

बाकीच्यांची कथा मात्र वेगळी. दोन लाडू शेवेच्या एका काडीने जोडले आहेत असे समजा. काडी बारीक, म्हणून तिच्या घेराचा वाक तीव्र. ती आधी तुटते, आणि मग दोन लाडू आपापल्या वाटेने लहान होतात. कागदावर काढलेल्या रेषेला हे भय नाही. स्वतःला न छेदणारी कशीही वेडीवाकडी बंद रेषा या नियमावर सोडली, तर ती आधी बाकदार आणि मग गोल होऊनच मिटते, हे गेज, हॅमिल्टन आणि ग्रेसन यांनी १९८६-८७ साली सिद्ध केले. पृष्ठांच्या जगात एवढी कृपा नाही. कोठेही खोलगट नसलेली पृष्ठे गोल होऊन मिटतात, हे हुइस्केनने १९८४ साली दाखवले. पण खाचाखोचा, मान, कान असलेली पृष्ठे मध्येच कोठेतरी तुटू शकतात.

तुटण्याच्या त्या क्षणी काय घडते? येथे हुइस्केनचे १९९० सालचे काम उपयोगी पडते. जेथे पृष्ठ तुटू पाहते आहे त्या जागी भिंग धरा, आणि जसजसे ते लहान होईल तसतसे भिंग अधिक जोरदार करत न्या. शेवटी भिंगात जे दिसते तो असा आकार असतो, की जो आपले रूप न बदलता लहान होतो. मूळ आकार कितीही वाकडातिकडा असो, अंताशी उभे राहणारे रूप या घराण्यातलेच. म्हणजे रूप राखून लहान होणाऱ्या आकारांची यादी करणे म्हणजे अंताच्या प्रकारांची यादी करणे. इतका गंभीर उद्योग इतक्या कोरड्या नावाखाली चालतो, याचे मला नवल वाटते.

यादीत लाडू, लाटणे आणि पाट तर आहेतच. आणखी कोणी? कडबोळे आहे! आन्जेनेंट या गणितज्ञाने १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात दाखवले की, मध्ये भोक असलेले एक विशिष्ट कडेही आपले रूप जसेच्या तसे राखून लहान होऊ शकते. कड्याची जाडी आणि भोकाची रुंदी यांचे प्रमाण नेमके जमलेले असले पाहिजे, एवढेच. त्यानंतर अनेक भोकांचे, विलक्षण गुंतागुंतीचे असे आणखी कितीतरी आकार सापडले. ब्रेंडले यांनी २०१६ साली एक दार बंद केले. सान्त, स्वतःला न छेदणारे आणि एकही भोक नसलेले पृष्ठ रूप राखून लहान होत असेल, तर ते गोलच असले पाहिजे. दुसरा पर्याय नाही. भोके असलेल्यांची यादी मात्र अजून पुरी झालेली नाही.

परंतु मला थांबवले ते कोल्डिंग आणि मिनिकॉझी या दोघांच्या २०१२ सालच्या कामाने. त्यांनी विचारले की, या आकारांना जरासा धक्का दिला तर काय होते? कडबोळ्याची जाडी केसभर वाढवली, तर भोक बुजून जाते. केसभर कमी केली, तर कडे दोऱ्यासारखे बारीक होऊन भोकासकट एका वर्तुळात विरून जाते. लाडवाला धक्का दिला, तर तो क्षणभर ओबडधोबड होतो आणि पुन्हा गोल होत जातो. त्याच्या अंताची जागा थोडी सरकेल, घटका थोडी मागेपुढे होईल, रीत बदलणार नाही. त्यांचा निष्कर्ष असा की, धक्का सोसून टिकणारे आकार फक्त पहिले तीन प्रकार. बाकी सारे, कितीही सुंदर असोत, केवळ अचूक तोलावर उभे आहेत.

रूप राखणे म्हणजे थोरवी, असे मी समजत होतो तोवर थिबाचा दरबार मला नुसताच करुण वाटे. आता मी दुसरा प्रश्न विचारतो. या दरबाराला जरासा धक्का सोसत होता का?

ब्रह्मी राजघराण्यात रक्त शुद्ध राहावे म्हणून सावत्र भावंडांत लग्ने होत. सुपयालत ही थिबाची सावत्र बहीणच. मंडालेच्या मोठ्या वाड्यात, राजपुत्रांच्या आणि राजकन्यांच्या गर्दीत, हा नियम चालत होता. चांगला होता असे मी म्हणत नाही, चालत होता. रत्नागिरीत चार राजकन्या होत्या आणि त्यांच्या तोलाचा वर एकही नव्हता. दरबार लहान करता येतो, पंगत लहान करता येते, रत्नांची पेटी हलकी करता येते. पण ‘योग्य वर’ ही गोष्ट लहान करता येत नाही. तो असतो किंवा नसतो. कड्याचे भोक तेथे होते. मुलींची विशी उलटली, थोरली तिशीकडे आली, आणि नियम मात्र जागच्या जागी. तो टिकला तो राजाच्या धैर्याने नव्हे. चार मुलींनी जागचे हलायचे नाही, या अटीवर टिकला.

आणि मग एक जण हलली. थोरल्या राजकन्येला पहाऱ्यावरच्या एका स्थानिक माणसापासून मुलगी झाली. त्याला आधीच बायको होती. या गोष्टीला प्रेमकथेचा रंग देण्याची हौस लेखकांना असते. मला ती नाही. राजा गेल्यावर १९१९ साली राणी आणि मुली रंगूनला परतल्या, पण थोरली मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीसच आली आणि हलाखीतच वारली. तिची मुलगी येथेच वाढली, मराठी बोलली, येथल्या बायकांसारखी नेसली, संसार केला आणि २००० साली वारली. मंडालेच्या सिंहासनाची ही नात रत्नागिरीकरांना आपली वाटत होती. आणि २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थिबाच्या समाधीला येऊन गेले, तेव्हा येथल्या लोकांना जे कौतुक वाटले त्यात या आपलेपणाचाही वाटा होता.

येथे कोणी म्हणेल, आकार तो आकार आणि माणूस तो माणूस. लाडवाला दुःख नाही. मान्य. किंबहुना येथेच फरक आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. लाडू सगळीकडून सारखा झिजतो. घराणे सगळीकडून सारखे झिजत नाही. घराणे आपले रूप राखते तेव्हा त्या राखण्याची किंमत कोणी तरी एकटा देत असतो, आणि बहुधा तो निर्णय घेणारा नसतो. राजाची रत्ने गेली हे खरे. पण रत्ने विकून राजाला राजा राहता आले. मुलींना काय विकून काय राहता आले असते?

या प्रवाहाच्या गणितात आणखी एक गोष्ट आहे, ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वही मिटून ठेवली. रूप राखून लहान होणाऱ्या आकारावर एखादा प्राणी राहत असेल, आणि त्याची मोजपट्टीही त्याच प्रमाणात लहान होत असेल, तर त्याला काही बदलले असे कधीच कळणार नाही. त्याच्या मोजणीत सारे स्थिर. त्याचे घड्याळही त्या प्रमाणात बदलत नेले, तर त्याच्या हिशेबी अंताचा क्षण कधी उजाडतच नाही. तो सदैव पुढेच. गणितज्ञ असेच मोजतात, कारण त्यांना त्यामुळे अंत न्याहाळायला सवड मिळते. पण जो स्वतः आत राहतो त्याने असे मोजणे निराळे. गुडघ्यांवर येणारा नोकर समोर आहे तोवर राजा राजाच आहे. नोकर शंभर होते की दहा, हे आतून दिसत नाही. बाहेरची पट्टी घेऊन आत कोणीतरी यावे लागते. त्या टेकडीवर ती पट्टी थोरल्या राजकन्येच्या मुलीने आणली, असे मला वाटते. तान्ह्या मुलापुढे दरबाराचे नियम चालत नाहीत.

म्हणून सगळे सोडून द्यावे, असे मी म्हणत नाही. काळाबरोबर साधे व्हा, हा उपदेश स्वस्त आहे. तो करणाऱ्याला सोडण्यासारखे फारसे काही नसते. लाडूही रूप राखतो. पाहुणा आला की पाण्याचा तांब्या पुढे करावा, ही रीत वाड्यात होती आणि दोन खोल्यांतही राहते. एक दिवस चुकली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहते. कोणाला तरी खिळवून ठेवल्यावाचून जी रीत उभीच राहत नाही, तिची गोष्ट वेगळी. रीत जुनी की नवी, सुंदर की कुरूप, धर्माची की लौकिकाची, या कसोट्या मी हल्ली बाजूला ठेवतो. घरातला एखादा माणूस जरा हलला, त्याने जरा वेगळे केले, आजारी पडला, कंटाळला, तर ती रीत वाकडी होऊन पुन्हा सावरते की कोसळते, एवढेच पाहतो. कोसळणार असेल, तर ती आजवर कोणाच्या पाठीवर उभी होती हे शोधावे. बहुतेक वेळा ते शोधायला स्वयंपाकघरापलीकडे जावे लागत नाही.

कोकणात हा प्रश्न दर भाद्रपदात उभा राहतो. पूर्वी घरात पंचवीस माणसे होती तेव्हाचा गौरींबरोबर जाणारा गणपती, पाच-सहा दिवस दोन्ही वेळच्या आरत्या, एकवीस मोदकांचा नैवेद्य, रात्री भजनाला आलेल्यांचा चहा. आणि आता घरात राहणारी माणसे दोन. चाकरमानी मुंबईहून येतात, पण रजा संपली की परततात. ओळखीच्या एका घरात यावरून चार वर्षे चर्चा चालली होती. थोरल्या भावाचे म्हणणे, पणजोबांपासून चालत आलेले आहे, मोदक एकवीसचे अकरा करा, भजन एकच रात्र ठेवा, पण दिवस कमी करायचे नाहीत. प्रमाणात लहान करायचे, तोच आकार. हे ऐकायला फार बरे वाटते. पण उकड काढणारे हात दोनच होते, आणि त्या हातांच्या धनिणीचे गुडघे गेलेले. अकरा मोदकांना उकड कमी लागते. चुलीपुढे बसायला मात्र तेवढेच बसावे लागते. हे धाकट्या जावेने बोलून दाखवले, तेव्हा थोरले भाऊ दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच भटजींना विचारले. भटजी म्हणाले, दीड दिवसाचाही गणपतीच असतो.

गेल्या वर्षी दीड दिवसाचा बसवला. वहिनी आरतीला उभ्या राहिल्या; एरवी त्या वेळी त्या चुलीपाशी असत, आणि आरती त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येई. विसर्जनाच्या वाटेवर थोरल्या भावांचे डोळे ओले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

आता यंदाचा एक प्रश्न उरला आहे. आमच्याकडे गणपतीचा पाट आधीच चित्रशाळेत नेऊन द्यावा लागतो आणि मूर्ती त्या पाटाच्या मापाने होते. पाट पणजोबांच्या वेळचा, फणसाचा, चांगला रुंद आहे. दोन माणसांना तेवढी मूर्ती उचलून नदीवर न्यायची म्हणजे कठीण. तोच पाट द्यायचा, की सुताराकडून लहान करून घ्यायचा, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.